व्हाइट सॉसला निरोप

साहेब १९४७ साली गेला. पण जाताना क्रिकेट, कचेरीतला रजेचा अर्ज आणि व्हाइट सॉस एवढ्या तीन वस्तू इथेच ठेवून गेला. पहिल्या दोन वस्तू आपण ताबडतोब आपल्याशा केल्या. तिसरी काही वर्षं क्लबांतून आणि मोठ्या हॉटेलांतून दबकून राहिली, आणि मग पाककलेच्या वर्गांचं बोट धरून हळूच मराठी मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात शिरली. तिथे तिने ‘बेक्ड व्हेजिटेबल’ असं नाव धारण केलं. नाव इंग्रजी, भाज्या मंडईतल्या आणि खाणारे आम्ही, असा तो त्रिवेणी संगम होता.

ज्यांच्या घरी हा पदार्थ कधी झाला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फ्लॉवर, गाजर, फरसबी, मटार आणि बटाटा या मंडळींना आधी उकडायचं. मग लोणी, मैदा आणि दूध यांच्या पांढऱ्याशुभ्र लगद्यात बुडवायचं. वर चीज किसायचं आणि ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. बाहेर येतं ते वरून सोनेरी, आतून पांढरं आणि चवीला फारच सुस्वभावी असतं. झणझणीत खाणाऱ्या माणसाला पहिला घास घेताना आपण आजारी आहोत की काय अशी शंका येते. दुसऱ्यांदा वाढून घेताना ती शंका राहत नाही.

आमच्याकडे हा पदार्थ वहिनीबरोबर आला. तिच्याकडे गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन होता आणि त्याच्या झाकणाला मधोमध वाटोळी काच होती. आमच्या घरात टीव्ही येण्यापूर्वी ती काच होती. सगळे त्या काचेभोवती जमायचे आणि आत चीज वितळताना बघायचे. कार्यक्रम अर्ध्या तासाचा असे आणि मध्ये कसलाही व्यत्यय येत नसे. व्यत्यय फक्त त्याआधी, व्हाइट सॉस ढवळताना चालत नसे. गुठळी होऊ नये म्हणून वहिनी समाधी लावून ढवळत बसायची. तेवढा वेळ घरात कुणी शिंकलं तरी ती अशी बघायची, की उरलेली शिंक माणूस परत घ्यायचा.

बेक्ड व्हेजिटेबल फक्त वाढदिवसाला होई. श्रीखंड सणाला, शिरा सत्यनारायणाला, तसं हे वाढदिवसाला. आणि भांड्याच्या कडेला चिकटलेली ती तपकिरी, कुरकुरीत खरवड दादाची. वाढदिवस कुणाचाही असो, खरवड दादाची. दादा ती चमच्याने खरवडत खरवडत खायचा आणि खाताना उणी काढायचा. “मीठ कमी आहे.” “चीज कालच्यापेक्षा जुनं लागतंय.” “फ्लॉवर ज्यादा उकडलाय.” वहिनी म्हणायची, “नका खाऊ मग,” आणि तेवढ्यात उरलेली खरवड त्याच्या पानात लोटायची. चाळीस वर्षं हा संवाद एकाही शब्दाचा बदल न होता चालला होता.

आणि मग दादाच्या हृदयात दोन स्टेंट बसले.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते अगदी समंजसपणाचं होतं. लोणी, साय, चीज, तळलेलं जपून. डॉक्टर ‘जपून’ म्हणाले होते. घरी पोचेपर्यंत त्या ‘जपून’चं ‘अजिबात नाही’ झालं. आपल्याकडे पथ्य डॉक्टर सुरू करतात, पण चालवतात ते नातेवाईक. दादासाठी वेगळं पातेलं आलं, वेगळी कढई आली, वेगळं ताट आलं. त्यात उकडलेला दुधी, बिनतेलाची पालेभाजी आणि फुलका. नातवाच्या वाढदिवसाला सगळ्यांना बेक्ड व्हेजिटेबल आणि दादाला दुधी. दादा टेबलाच्या त्या टोकाला बसून निमूटपणे दुधी खात होता.

मला त्यातला निमूटपणा खुपला. दुधी काय, माणूस खाऊ शकतो. पण दादा जेवतोय आणि उणं काढत नाही, हे आमच्या घराण्याच्या इतिहासात घडलेलं नव्हतं. वर्षभर त्याने जेवणाला एक अक्षर नाव ठेवलं नाही. वहिनी मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, “भाऊजी, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. काल दुधीत मीठच नव्हतं, तरी जेवून उठले.”

मी विचार केला तेव्हा लक्षात आलं, की पथ्याच्या ताटाला नावं ठेवण्याचा अधिकार माणसाला उरत नाही. ते ताट काळजीने केलेलं असतं. काळजीला मीठ कमी पडलं असं कसं म्हणणार? पंगतीत बसलेला माणूस जेवणारा असतो. वेगळं ताट समोर आलं की तो पेशंट होतो. मग ते ताट चांदीचं असलं तरी काय उपयोग!

पुतणीने एक प्रयत्न करून पाहिला होता. तिने बेक्ड व्हेजिटेबलच हलकं करायला घेतलं. लोण्याऐवजी पाण्याचा हात, दुधाऐवजी साय काढून काढून निळसर झालेलं दूध, मैद्याऐवजी ओटचं पीठ आणि चीजऐवजी काही नाही. पोरीने मनापासून केलं होतं आणि दादानेही ते मनापासून संपवलं. पण जड पदार्थातून एकेक जड वस्तू काढत गेलं, की उरतं ते त्या पदार्थाचं भूत. दिसायला तसंच, पण हात लावावा तर हाताला काही लागत नाही. वजाबाकीने हलका पदार्थ होत नाही. त्या रिकाम्या जागी काहीतरी यायला हवं, आणि जे येईल त्याला स्वतःचं काही म्हणणं हवं.

असं ठाम म्हणणं असलेली एकच वस्तू आमच्या भाजीच्या टोपलीत होती. टोमॅटो.

टोमॅटोचा आपल्याकडचा प्रवासही गमतीचा आहे. मूळचा तो मेक्सिकोकडचा. तिथल्या नाहुआत्ल भाषेतल्या ‘तोमात्ल’वरून त्याचं नाव आलं. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात त्याला युरोपात नेलं आणि युरोपियनांच्या गलबतांतून तो आपल्याकडे उतरला. बंगाल्यांनी त्याला ‘बिलाती बेगुन’, म्हणजे विलायती वांगं, म्हणून ठेवलं. विदर्भात तो ‘भेदरं’ झाला. आमच्या आजीने त्याला शेवटपर्यंत सोवळ्याच्या स्वयंपाकात पाऊल ठेवू दिलं नाही. रंग तिला संशयास्पद वाटे. अमेरिकेत तर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिकडे भाजीवर जकात होती आणि फळावर नव्हती. म्हणून व्यापारी म्हणाले, टोमॅटो हे फळ आहे. १८९३ साली न्यायमूर्तींनी निकाल दिला, की वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, लोक टोमॅटो जेवणात खातात, जेवणानंतरच्या गोडात खात नाहीत. सबब तो भाजी. पानात कुठे वाढलं जातं यावर माणसाची काय, टोमॅटोचीसुद्धा जात ठरते. दादाचं दुःख याहून वेगळं नव्हतं.

आता व्हाइट सॉसची कुळकथा बघा. फ्रेंचांत त्याला ‘बेशामेल’ म्हणतात. ते नाव चौदाव्या लुईच्या पदरी असलेल्या एका बड्या कारभाऱ्याचं. त्याने स्वतः कधी गुठळी मोडली असेल असं वाटत नाही. पण भूमध्य समुद्राकाठचे सामान्य लोक भाज्या भाजतात त्या पुष्कळदा टोमॅटोच्या आधाराने. फ्रान्सच्या दक्षिणेला, प्रोव्हान्समध्ये, ‘तियाँ’ नावाचं मातीचं पसरट भांडं असतं. त्यात वांगी, झुकिनी, टोमॅटो यांच्या चकत्या ओळीने लावून भाजतात आणि त्या पदार्थालाही तियाँच म्हणतात. म्हणजे आपण ‘आज पातेलं खाल्लं’ म्हणावं, तसं. ग्रीकांच्या मुसाकावर तो पांढरा जाड थर असतो, पण तो १९२०च्या दशकात त्सेलेमेन्तेस नावाच्या, फ्रेंच पद्धतीच्या प्रेमात पडलेल्या आचाऱ्याने चढवला असं मानतात. म्हणजे तिथेही व्हाइट सॉस हा नंतर आलेला पाहुणाच. तुर्कांकडे भरल्या वांग्याचा एक प्रकार आहे, त्याचं नाव ‘इमाम बायिल्दी’. अर्थ, इमामसाहेबांना घेरी आली. काही म्हणतात चव बघून आली. काही म्हणतात बायकोने त्यात किती तेल ओतलं ते ऐकून आली. वांगं तेल किती पितं हे ज्याने पाहिलंय, तो दुसऱ्या पक्षाला मत देईल.

तेव्हा मी ठरवलं, की दादाचं नवं बेक्ड व्हेजिटेबल टोमॅटोचं करायचं. आणि अट एकच. ते एकट्या दादासाठी करायचं नाही, सगळ्यांसाठी एकाच भांड्यात करायचं. वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आणि मुलांनी खाल्लं नाही तर?” मी म्हटलं, “वहिनी, तुम्ही चाळीस वर्षं आम्हाला उकडलेली फरसबी खायला लावलीत. मुलं कसली नाही म्हणतात!”

या पदार्थातलं मुख्य काम टोमॅटोतलं पाणी घालवणं. टोमॅटोत शंभरातले चौऱ्याण्णव-पंच्याण्णव भाग पाणीच असतं. हा हिशेब न करता कच्चे टोमॅटो भाज्यांवर घालून भांडं ओव्हनमध्ये सारलं, तर बाहेर येतं ते सार. म्हणून एक किलो टोमॅटो घेतले, तेही लांबट, गरवाले. रसाळ गोल टोमॅटो कोशिंबिरीला ठेवले. बुडाला फुली मारून उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकले, की साल लग्नातल्या उपरण्यासारखी आपोआप सुटते. दोन चमचे तेलात दोन कांदे आणि पाच-सहा लसणाच्या पाकळ्या मंद परतल्या. टोमॅटो चिरून त्यात घातले, तमालपत्राचं एक पान टाकलं आणि पसरट कढईत, झाकण न ठेवता आटू दिलं. कधी थांबायचं याची खूण सोपी आहे. कढईच्या तळावरून डाव ओढावा. मागे राहिलेल्या वाटेत पाणी धावत आलं नाही, की झालं. या कामात गुठळी होण्याचं भय नाही. घरातल्यांनी हवं तेवढं शिंकावं.

दुसरी गोष्ट भाज्यांची. टोमॅटो आंबट, आणि आंबटात भाजी लवकर मऊ होत नाही. आमटीत चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घालतात ते उगीच नव्हे. म्हणून बटाटा आणि गाजर आधीच पूर्ण शिजवून घ्यायचं. ‘ओव्हनमध्ये होईल’ या भरवशावर राहिलं, तर टोमॅटोत बसलेला बटाटा तासाभराने बाहेर येतो तो दाताखाली करकरतच. फ्लॉवर अर्धवट वाफवून पंचावर कोरडा केला. वांग्याच्या चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवल्या, पिळून घेतल्या आणि बोटाने तेल पुसून तव्यावर भाजल्या. तळल्या असत्या तर इमामांची गोष्ट झाली असती.

तेल मी अजिबात काढून टाकलं नाही, हे वहिनीला पटायला वेळ लागला. पण टोमॅटोला जो लाल रंग असतो, ते लायकोपीन नावाचं द्रव्य शिजवलं आणि जरा तेलाची सोबत मिळाली तर अंगी जास्त लागतं. पथ्यालासुद्धा थोडं तेल लागतं, बैलगाडीच्या चाकाला लागतं तसं.

मग प्रश्न चीजचा. पूर्वी शंभर ग्रॅम जायचं, निम्मं सॉसमध्ये आणि निम्मं वर. सॉसमधलं चीज कुणाला दिसत नाही. त्यामुळे तीसच ग्रॅम घेतलं, बारीक किसणीवर किसलं आणि सगळं वर पसरलं, जिभेला पहिली भेट त्याचीच व्हावी म्हणून. त्यात एका शिळ्या पावाच्या स्लाइसचा चुरा चमचाभर तेलात चोळून मिसळला. खरवड होते ती या चुऱ्यामुळे. जोवर ओल आहे, तोवर पदार्थ शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही आणि तपकिरी होत नाही. कोरडा चुरा मात्र झटकन तापतो आणि रंग धरतो. चीज कमी पडल्याची चव कशी भरून निघणार, याची मला धास्ती नव्हती. चीजमध्ये जी भरीव चव असते, ती ग्लुटामेटची. जपानच्या किकुनाए इकेदांनी १९०८ साली ती समुद्री शेवाळातून वेगळी काढून दाखवली आणि तिला ‘उमामी’ म्हटलं. तीच चव पिकलेल्या टोमॅटोत असते आणि आटवला की आणखी दाट होते. सर्वोच्च न्यायालयाने टोमॅटोला भाजी ठरवलं, पण चवीच्या बाबतीत तो थोडा चीजच्या बाजूचा आहे.

भाज्या आणि टोमॅटो यांचे थर लावले, वर चुरा पसरला आणि दोनशे अंशांवर अर्धा तास ठेवलं. मग बाहेर काढून दहा मिनिटं हात लावू दिला नाही, कारण रस थरांत परत मुरायला तेवढा वेळ लागतो. या दहा मिनिटांत घरातल्या तीन पिढ्यांचे तीन प्रतिनिधी चमचे घेऊन येऊन गेले.

पुतणीने हिशेब मांडला. जुन्या पद्धतीत पन्नास ग्रॅम लोणी, तेवढाच मैदा, अर्धा लिटर दूध आणि शंभर ग्रॅम चीज, म्हणजे भाज्या सोडून साधारण साडेअकराशे कॅलरी. नव्यात एक किलो टोमॅटोच्या जेमतेम एकशेऐंशी; कांदा, तेल, चुरा आणि चीज धरून साडेपाचशेच्या आसपास. निम्म्याहून कमी. शिवाय लोण्यातल्या स्निग्धांशाचा निम्म्याहून जास्त भाग ज्या जातीचा असतो, तिच्यावरच डॉक्टरांचा रोख होता. तिने तो कागद डॉक्टरांना दाखवला. त्यांनी मान डोलावली आणि कृती लिहून मागितली.

नातीचा वाढदिवस होता. टेबलावर एकच भांडं ठेवलं. दादाने सवयीने आपलं दुधीचं पातेलं शोधलं. वहिनी म्हणाली, “आज दुधी नाही. सगळ्यांचं हेच.” दादाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा डॉक्टरांकडून आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि पान पुढे केलं.

मुलं खात होती. धाकट्याने दुसऱ्यांदा घेतलं आणि “याचं नाव काय?” विचारलं. “बेक्ड व्हेजिटेबल,” मी म्हटलं. “पण लाल आहे,” तो म्हणाला. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं आणि त्यालाही उत्तराची फारशी गरज नव्हती.

दादा काही बोलत नव्हता. त्याने वांगं खाल्लं, फ्लॉवर खाल्ला, बटाटा काट्याने टोचून शिजलाय का ते पाहिलं. वहिनीने भांड्याची कड खरवडली आणि ती तपकिरी, कुरकुरीत पापुद्र्यासारखी खरवड त्याच्या पानात लोटली. दादाने ती तोंडात टाकली, डोळे बारीक केले आणि सावकाश चावली. मग चमचा खाली ठेवला.

“मीठ कमी आहे,” दादा म्हणाला. “आणि लसूण कुणी चिरलाय हा? दगडं आहेत नुसती.”

“नका खाऊ मग,” वहिनी म्हणाली, आणि पदराने डोळे टिपत आत मीठ आणायला गेली. मीठ तिने आणलं नाही हे वेगळं. तेही पथ्यातच होतं.